नोकरी सुटली, असं मी छापलं

मी चिंचवडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, असं बायकोचं म्हणणं. घरात मी टॉवेलला पंचा म्हणतो. आंघोळ झाल्यावर आतून ‘पंचा द्या’ म्हणून ओरडतो आणि बराच वेळ ओलाच उभा राहतो, कारण आमच्या घरात पंचा कुणाकडेच नाही. एवढ्यावरून माझा स्वभाव लक्षात यावा. पुढचं सगळं त्या स्वभावानंच घडलं.

मागच्या वर्षी कॉलेजनं ठरवलं की मुलांचं नवं लेखन आणि चित्रं यांचा एक संग्रह काढायचा. नेहमीच्या वार्षिक अंकासारखा नाही; म्हणजे मान्यवरांचे फोटो कमी आणि मुलांचा मजकूर जास्त. संपादक अर्थातच मी. मुलांनी संग्रहाला ‘टपरी’ हे नाव सुचवलं होतं. मी ते हाणून पाडलं आणि संस्कृत वळणाचं असं एक भारदस्त नाव दिलं, की प्रकाशनाच्या दिवशी प्राचार्यसुद्धा त्यावर दोनदा अडखळले.

लेखन ढीगभर आलं. ‘लव्ह यू आई’ होतं, शेअर रिक्षातल्या गर्दीवर एक फर्मास लेख होता. मी लाल पेन घेऊन बसलो. बाइकची दुचाकी केली, मोबाइलचा भ्रमणध्वनी केला. एका मुलाच्या प्रेमकथेत नायिका नायकाला ‘मिस्ड कॉल’ देत होती, तिथं मात्र मी हात टेकले.

त्या ढिगात वहीच्या फाडलेल्या पानावर एक कविता होती. लिहिणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची, दिघीहून येणारी, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी. कविता एवढीच:

शनिवारी पप्पांचा जॉब सुटला.
तेव्हापासून पप्पा
शर्टाची बटणं आईकडून लावून घेतात.
आई काही बोलत नाही.
वरचं बटण आधी लावते.

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. नोकरी गेलेला माणूस, इतका खचलेला की स्वतःची बटणंही लावायची उमेद राहिलेली नाही! एवढी मोठी गोष्ट या पोरीनं पाच ओळींत सांगितली होती. फक्त तो ‘जॉब’ खटकत होता. मी त्यावर काट मारली आणि लिहिलं, ‘शनिवारी वडिलांची नोकरी सुटली.’ पप्पांचे वडील केले ते केलेच. मग प्रस्तावनेत या कवितेवर अख्खा परिच्छेद खर्च केला. ‘बेकारीचं भीषण वास्तव’ हे शब्द त्यात दोनदा आहेत. चित्रकलेच्या विद्यार्थिनीला सांगून शेजारच्या पानावर चित्रही काढून घेतलं: डोक्याला हात लावून बसलेला माणूस आणि मागे कारखान्याचं बंद फाटक.

छपाईआधी मुलांना आपापली पानं तपासायला दिली, तेव्हा ती माझ्याकडे आली.

“सर, हे मी असं नव्हतं लिहिलं.”

“अगं, यालाच संपादन म्हणतात.”

“पण सर, ते जॉबचं...”

“जॉब इंग्रजी आहे. नोकरी हा आपला शब्द आहे. आपला शब्द असताना उसना कशाला घ्यायचा?”

नोकरी हा शब्द फारसीतून आला, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. ती काही तरी बोलणार होती. मी घड्याळ पाहिलं. ती “बरं सर” म्हणाली आणि गेली. तिचं ते ‘बरं’ मला तेव्हा होकारासारखं ऐकू आलं.

प्रकाशन शनिवारी संध्याकाळी होतं. पालकांनाही बोलावलं होतं. सगळ्यात चांगली कविता संपादकानं वाचून दाखवावी, अशी टूम मीच काढली आणि तीच कविता वाचली. नोकरी या शब्दावर थोडा थांबलो, आवाज जरासा ओला केला. मग मी माइकवरूनच म्हणालो, “या कवितेतले वडील आज आपल्यात आहेत,” आणि हात करून दाखवले. माना वळल्या. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस तिसऱ्या रांगेत अवघडून हसला. मुलगी त्याच्या शेजारीच होती. ती खाली बघत होती.

चहाच्या वेळी एका पालकानं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला. “भाऊ, खचू नका. आमच्या कंपनीत हेल्परची जागा आहे. बोलू का साहेबांशी?” माझ्या मनात आलं, साहित्यानं माणसाला मदत होते ती अशी. मी कौतुक करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो.

“सर, लय भारी वाचलं राव तुमी,” निळ्या शर्टातला माणूस म्हणाला. “अंगावर काटा आला. पण एक इचारू का?”

“विचारा की.”

“माझी नोकरी कवा गेली?”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो, कारण मला अजून काहीच कळलं नव्हतं.

“न्हाई, म्हंजे चाकणला फर्स्ट शिफ्ट करून थेट हितंच आलोय. सोमवारी परत हाय. आता तुमीच माइकवरनं सांगितलं, म्हून इचारलं. साहेबानं मला सांगायचं ऱ्हायलं का काय!”

“पण कवितेत तर... जॉब सुटला...”

“व्हय, सुटला की. चकातनं सुटला.” त्यानं चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा धड होता. शेजारची दोन बोटं अर्ध्यावरच संपत होती. “जॉब म्हंजे मशीनला लावलेलं लोखंड, सर. लेथच्या चकात घट पकडलेलं असतंय. फिरता फिरता सुटलं आन् बसलं हातावर. कंपनीनं काढलं न्हाई, चांगली हाईत माणसं. आता तपासणीला बसवलंय. फकस्त बटण तेवढं लागत न्हाई.”

हेल्परची जागा देऊ करणारा पालक कप ठेवून कधी निघून गेला, ते कळलं नाही. मला ‘क्षमा करा’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, “हो का?” मराठीचा प्राध्यापक, बावीस वर्षं नोकरी, आणि ऐन वेळी तोंडातून निघालं काय, तर हो का.

“पप्पा, चला,” मुलगी म्हणाली. एवढंच. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

घरी आलो तर आई गवार मोडत बसली होती. सांगवीला माझ्याकडेच असते. तिला म्हटलं, “आई, जॉब सुटला म्हणजे काय गं?”

“कुणाचा सुटला? फार लागलं का रे?” तिनं लगेच विचारलं.

तिला अर्थ कळायला क्षणही लागला नाही. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते, लेथ चालवायचे. आम्ही तेव्हा कासारवाडीला राहायचो. मी सगळं सांगितल्यावर आई गवार बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“तू चौथीत होतास. दादांच्या कपाळाला टाके पडले, तेव्हा सगळ्या वर्गाला सांगत सुटला होतास, ‘आमच्या दादांचा जॉब सुटला, आमच्या दादांचा जॉब सुटला.’ नोकरी गेली का, म्हणून बाईंनी मला बोलावून विचारलं होतं.”

मला ते आठवत नव्हतं, असं लिहिलं तर माझी थोडी सुटका होईल. पण आईनं सांगताच आठवलं. बाईंचा चेहरासुद्धा आठवला. एम.ए.ला गेल्यावर जे जे घरचं वाटलं ते मी एकेक करून जिभेवरून काढून टाकलं होतं, आणि ते काढून टाकण्याला मी शुद्ध भाषा म्हणत आलो होतो. दादा निवृत्त झाले तेव्हा सत्कारात मी त्यांच्यावर भाषण केलं होतं. त्यात त्यांना ‘यंत्रकामगार’ म्हणालो होतो. ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्यांना तो शब्द कळला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

सोमवारी मी शुद्धिपत्राची चिठ्ठी तयार केली, प्रत्येक प्रतीत त्या पानावर चिकटवायला. मुलीला वर्गाबाहेर बोलावून दाखवली. चिठ्ठीवर तिची पहिली ओळ होती, पप्पांसकट. जॉबच्या पुढे कंसात मी लिहिलं होतं, ‘यंत्रावर घडवायचा धातूचा तुकडा.’

तिनं वाचली. “कंसातलं काढा सर.”

“पण लोकांना कळणार नाही.”

“ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीचे विचारतील.” मग चिठ्ठी परत देत, “मी त्या दिवशी सांगायलाच आले होते.”

“हो,” मी म्हणालो. “मी घड्याळ बघितलं.”

कंस काढला. ग्रंथालयातल्या आणि शिल्लक प्रतींना चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्या. ज्या वाटल्या गेल्या त्यांतल्या मोजक्याच परत आल्या. बाकीच्या घरांतून त्या माणसाची नोकरी अजून सुटलेलीच आहे, आणि प्रस्तावनेतल्या परिच्छेदावर चिकटवायला पुरेल एवढी मोठी चिठ्ठी मला करता आली नाही.

यंदाच्या संग्रहाची सूचना लागल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. काही लिहिलं आहेस का, म्हणून विचारलं.

“आहे थोडं.”

“दे की मग. जसंच्या तसं छापू.”

“लिहून द्या,” ती म्हणाली. चेष्टा नव्हती. तिनं वही उघडून पुढे केली, पेनही दिलं. जिन्यातून मुलं वरखाली करत होती. भिंतीला वही टेकवून मी लिहिलं, ‘एकही शब्द बदलणार नाही,’ आणि खाली सही केली. तिनं ते नीट वाचलं आणि वही मिटली.

“बघते,” म्हणाली.

लेखन द्यायची मुदत येत्या शुक्रवारी संपते. तिचं पान अजून आलेलं नाही.