आडाचा पंचनामा

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि दुष्काळ पडला होता. तेव्हाची एक केस मला आजही जशीच्या तशी आठवते. बदलून आलेली माणसे खोल्या शोधत फिरत आणि ठाण्यात भांडणे यायची ती पाण्याची.

एके दुपारी सरकारी दवाखान्यातली एक नर्स म्हाताऱ्या आईला घेऊन आली. कंधारकडची, दलित. "सायब, खोली ठरली हुती. मालकानं आडनाव इचारलं अन् मंग म्हन्ला, आड आटला. जागा न्हाई मिळाली तर नोकरी सोडून माघारी जावं लागंल."

आमचे हवालदार पुटपुटले, "घर त्याचं, मर्जी त्याची." मी त्यांना तिथेच झापले. जातीवरून घर नाकारणे हा नागरी हक्क कायद्याखाली गुन्हा आहे. पण जातीमुळे नाही म्हटले, असे कोणता घरमालक कबूल करतो?

मालकाला बोलावले. व्यापारी माणूस, जिभेवर साखर. "जातीचं काय न्हाई सायब. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार?"

देगलूरहून नवीनच आलेला एक शिपाई मी साध्या कपड्यात खोली बघायला पाठवला. सोबत दुसऱ्या पेठेतला पंच, त्याचा मामा म्हणून. मालकाने गाव विचारले, आडनाव विचारले, सोयरे-पाहुणे कोण तेही विचारले. मनासारखी उत्तरे मिळताच गडी खुलला. "बिनघोर या. टँकर येवो न येवो, आमच्या आडाला लई पानी!" दुष्काळात घरमालक मिरवणार तो पाण्यावरच. तिथेच फसला.

लगेच जाऊन पंचांसमक्ष पोहरा सोडला. भरून वर आला. मालकाचे तोंड एवढेसे झाले. गुन्हा दाखल केला.

संध्याकाळी गावातली वजनदार मंडळी मालकाला घेऊन ठाण्यात आली. नर्सही जबाबासाठी तिथेच बसली होती. "मिटवून टाका." या गुन्ह्यात तडजोड होत नाही, खटला चालणार, असे मी स्पष्ट सांगितले. मग मालक नरमला. "खोली देतो. पानी आमचा गडी भरून दील. बाईनं तेवढं आडाला शिवू नये."

नर्स ताडकन उठली. "तुमच्या घरची बाळंतीण आली तर लेकरू ह्याच हातांत यील. मंग आडाला हे हात का चालंनात? पानी मीच शेंदणार."

मालकाने मान खाली घातली. "या," एवढेच म्हणाला. त्या बाईचा मला फार अभिमान वाटला.

खोली मिळाली, आरोपपत्रही गेले. पण कागद पुरे झाले म्हणजे तक्रार मिटली असे नसते, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुढे नोकरीभर तक्रारदाराला स्वतः जाऊन विचारत राहिलो. तिलाही काही दिवसांनी विचारले, आता ठीक आहे ना?

ती हसली. "आधी कुनी शेंदायचं म्हनून आई रोज आडावर शेजारनींशी चारचौघींवानी भांडायलीय सायब. मिटलं समजा."