जेवलेल्या जीपचं माप

मास्टर उपाशी माणसाचं माप घेत नसत. मुखेडच्या बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. नवरदेवाचे कपडे टाकायला कोणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवून आलाव का?" नाही म्हटलं की समोरच्या हॉटेलात पिटाळायचे. "भजे खा, पानी प्या, मग या. लग्नात काय उपाशी बसणार हाव?" उपाशीपोटी माप दिलेल्या कुठल्याशा नवरदेवाची पँट म्हणे पंगतीतच उसवली होती. ही गोष्ट ते दर लगीनसराईला सांगत आणि दरवेळी त्या नवरदेवाचं गाव वेगळं असे. आम्ही कधी त्यांना टोकलं नाही.

नाव त्यांना होतंच, पण ते फक्त मतदार यादीत. तालुक्याला ते मास्टर. त्यांचं आणि माझं गाव एकच, मुखेडपासून नऊ किलोमीटर. मास्टर रोज सकाळी सायकलवर दुकानी जात आणि दिवस मावळायच्या आत परत येत. गळ्यातला टेप सायकलवरही काढत नसत. उतारावर वाऱ्यानं तो खांद्यावरून मागं उडायचा, आणि लांबून बघणाऱ्याला आधी टेप दिसायचा, मग मास्टर.

तो रस्ता म्हणजे डांबराची एक पट्टी. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाचं चाक खाली उतरणार. खाली काळी माती, आणि डांबराची कड वीतभर उंच. आम्ही जीपवाले या रस्त्याचे राजे होतो. मी बारावीला दोनदा बसून घरी बसलो होतो, म्हणून मामानं त्याची काळी-पिवळी माझ्या हातात दिली होती. वय बावीस. पुढच्या फाट्यावर उभं असलेलं पॅसेंजर दुसऱ्या जीपच्या आधी उचलायचं, एवढं एकच शास्त्र मला येत होतं. त्या शास्त्रात सायकलवाला म्हणजे नुसता अडथळा.

मास्टरांना आमच्यासारख्यांचा रोजचाच जाच. पण त्यांनी त्यावर उपाय काढला होता, तोही शिंप्याचा. कोणती गाडी आपल्याला किती अंतरावरून घासून गेली, ते बोटा-हातात मोजायचे आणि दुकानात बसून निकाल जाहीर करायचे. "आज तो विटांचा टेम्पो चार बोटांवरून गेला." "फलान्याच्या पोरानं दीड हात सोडला, आई-बापानं वळण लावलंय." स्टँडवर ही बातमी पोचायला वेळ लागत नसे. मग ड्रायव्हरांना तीच नावं पडली. एकाला सगळे चारबोट्या म्हणत. मी वीतभर होतो. आठवडाभर जपून चालवून मी हातभर झालो, तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. आता सांगायला लाज वाटते.

आमचं त्यांच्याशी भांडण एकाच गोष्टीवरून असे. मास्टर कडेनं चालत नसत. डांबराच्या कडेपासून चांगली हातभर आत त्यांची सायकल.

"मास्टर, कडंनं चला की," मी एकदा जीप शेजारी घेऊन म्हणालो, "अख्खा रोड तुमचाच हाय का?"

"कडंला गेलो की तुला वाटतंय मास्टरनं जागा दिली," ते पायडल मारता मारताच म्हणाले. "मग तू घुसतूस. मी खाली उतरलो तर चाक रुततंय, आन मी आडवा. इथं चाललो तर निदान तुला विचार करावा लागतू. बारावीला केला नाहीस, आता कर."

जीपमधली माणसं हसली. मी हॉर्न दाबून पुढं निघून गेलो.

तो दिवस बाजाराचा होता. जीप आतून भरून बाहेर लोंबकळत होती. मागच्या शिडीवर चौघं, डाव्या फुटबोर्डावर दोघं. माझ्या मागून चारबोट्याची जीप येत होती, आणि पुढच्या फाट्यावर बायकांचा एक घोळका उभा दिसत होता. मध्ये मास्टर. समोरून एक ट्रॅक्टर येत होता, पण तो पोचायच्या आत आपण निघू, असा माझा हिशेब. मी जीप काढली. आणि देवाशपथ सांगतो, मी मास्टरांना हातभर जागा सोडली होती. बॉनेटवरून मला ती दिसत होती.

फुटबोर्डावरच्या माणसाच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत लोहाराकडं पाजवायला चाललेला नांगराचा फाळ. मला दिसलेल्या त्या हातभर जागेत तो माणूसही होता आणि ती पिशवीही. फाळ मास्टरांच्या मनगटावर बसला. हँडलावरच्या उजव्या हाताच्या मनगटावर. माणसं ओरडली तेव्हा मी ब्रेक दाबला. मागं बघितलं तर सायकल काळ्या मातीत पडलेली आणि मास्टर डांबरावर बसून हात छातीशी धरून होते.

त्याच जीपमधून मी त्यांना मुखेडच्या दवाखान्यात नेलं. पॅसेंजर सगळे उतरवले. मास्टर माझ्या शेजारच्या सीटवर. चेहरा पांढरा पडलेला, पण त्यांनी विचारलं ते हेच, "किती सोडलं हुतंस?"

"एक हात, मास्टर. खरंच."

"हौ," ते म्हणाले. "मोकळ्या जीपचं माप धरलंस तू."

मनगटाचं हाड दोन जागी मोडलं होतं. शिंप्याचा उजवा हात, आणि तोंडावर लग्नं आलेली. गावातल्या चार जणांनी त्यांना पोलिसात जायला सांगितलं. माझ्या मामाचं तोंड वाळून गेलं होतं. मास्टरांनी तक्रार दिली नाही. चौथ्या दिवशी मला निरोप पाठवला, तो असा : बाजारच्या दिवशी दहा वाजता जीप स्टँडवर उभी कर आणि मी येईपर्यंत हलवू नको.

मला वाटलं, चारचौघांत मारणार. मार खायची माझी तयारीही झाली होती. मास्टर आले ते एस.टी.नं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, सोबत मुलगी नसरीन. नसरीननं टेपाचं एक टोक जीपच्या उजव्या अंगाला धरलं, दुसरं मास्टरांनी डाव्या हातात. "साडेपाच फूट," ते म्हणाले. नसरीननं वहीत लिहिलं. मग स्टँडवरच्या माणसांना म्हणाले, "आता जेवू घाला हिला." कोणाला काही कळेना. "बसा म्हनलं. रोज बसताव तसं. लटका."

माणसं बसली, लटकली. एक म्हातारा तर हौसेनं गाठोडं घेऊन लटकला. मास्टरांनी परत टेप लावला. "सात फूट दोन इंच." स्टँडवर हशा पिकला. मास्टर हसले नाहीत, मला म्हणाले, "आता माझं घे." त्यांनी कोणाची तरी सायकल मागून घेतली, एका हातानं धरून सीटवर बसले आणि टेप माझ्या हातात दिला. मी एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत माप घेतलं.

"त्यात एक हात मिळव," मास्टर म्हणाले. "सायकल काय रुळावर चालत नसती. खड्डा आला की हालती, वारं आलं की हालती. आता समोरच्या ट्रॅक्टरचं धर. आन सांग, त्या रोडावर हे समदं बसतंय का?"

"नाही बसत, मास्टर."

"नाही बसत तर थांबायचं. कापड कमी पडलं तर मी थांबतू, गिऱ्हाईक बी थांबतंय. तूच कुठं पळायलास?"

वीस-पंचवीस ड्रायव्हर उभे होते. चारबोट्यानं त्या दिवसापासून डाव्या फुटबोर्डावर माणूस घेतला नाही. बाकीच्यांचं सांगता येत नाही, दोन महिन्यांत बरेच जण मूळपदावर आले.

प्लास्टर निघालं, पण पकड आली नाही. मास्टरांच्या हातून कात्री निसटायची. मशीन ते चालवत, काजं-बटणं करत, पण कापड कापायचं काम नसरीनकडं गेलं. ते स्टुलावर बसून माप सांगत आणि ती कापे. तिचा हात चांगला होता, बापापेक्षा चांगला, असं मास्टरच सांगत. मी दुकानासमोरून जाताना ते कात्रीकडं बघत बसलेले दिसले की मला अन्न गोड लागत नसे. माफी मागायला मी कितीदा तरी पायरी चढलो. दरवेळी मास्टर माझ्या शर्टाची कॉलर बघून म्हणत, "फिरवून घे, घासली हाय." आणि मी कॉलर फिरवून घेऊन परत येत असे.

दोन महिन्यांनी ते पुन्हा सायकलवर दिसू लागले. तेव्हा मला एवढंच सुचलं, की नाल्याच्या पुलापासून चढ संपेपर्यंत, जिथं रस्ता सगळ्यात अरुंद, तिथं त्यांच्या मागं राहायचं. पुढं काढायची नाही. माझी जीप मागं असली की मागच्यालाही काढता येत नसे. हॉर्न वाजत, शिव्या पडत, माझे पॅसेंजर दुसरे उचलत. मामा म्हणाला, तुला जीप द्यायच्याऐवजी बैल दिला असता तर बरं झालं असतं. पुढं तीन वर्षं, म्हणजे मला एस.टी.त नोकरी लागून लातूरला जाईपर्यंत, मी हे केलं. मास्टरांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. त्यांच्या ध्यानात आलंय असं मला कधी वाटलं नाही, आणि यावं असा माझा आग्रहही नव्हता.

गेल्या थंडीत मास्टर गेले. मी रजा टाकून लातूरहून माती द्यायला गेलो. पण निरोप म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. आठवते ती त्याच्या दोन वर्षं आधीची एक दुपार. मास्टरांचा हजचा नंबर लागला होता. जाण्याआधी घरोघर जाऊन बोलल्या-चाललेल्याची माफी मागायची, हा त्यांच्यातला रिवाज. मी सुट्टीवर गावी होतो. मास्टर सायकल भिंतीला लावून आत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "दत्ता, कहासुना माफ कर बाबा. दवाखान्यात पडल्या पडल्या मी तुला मनात लई शिव्या दिल्या. " मग माझ्या आईकडं वळून, "वहिनी, तुमच्यावरून बी एक-दोन गेल्या."

"द्यायलाच पाहिजे हुत्या," आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

ज्याचा हात मी मोडला, तो माणूस माझ्या दारात माझ्याकडं माफी मागत उभा होता. मी त्यांचं ते वाकडं मनगट दोन्ही हातांत धरलं. "मास्टर, माफी तर मी मागायची हाय. इतकी वर्षं झाली, तोंडातून निघालीच नाही."

"तू कवाच मागितलीस की," मास्टर म्हणाले. "तीन वर्षं रोज सकाळी माझ्या मागं मागं येत हुतास. फुटक्या सायलेन्सरची जीप अख्ख्या तालुक्यात तुझीच हुती, मला काय आवाज कळत नाही व्हय? मी बी चढाला मुद्दाम हळू चालवायचो. म्हनलं, पोराला मागायची हाय तेवढी मागून घेऊ दे."