बोडके सर आणि रिकामा वजनगट

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला फोनवर बजावलं होतं, "बाई, लेख आनंदाचा होऊ द्या हं. सरांची पंचाहत्तरी आहे." मी हो म्हटलं. पण मला गोड बोलता येत नाही, हे पंचवटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शाळेत खेळ शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि ओरडून ओरडून घसाही गेला. तेव्हा आदरणीय रंगनाथराव बोडके सरांविषयी जे खरं आहे तेच लिहिते. त्यात आनंद किती सापडतो, ते वाचणाऱ्यांनी बघावं.

सरांची पहिली ओळख झाली ती जिल्ह्याच्या शालेय मैदानी स्पर्धेत. मी नोकरीला नवीन होते. आमच्या शाळेचा एक आडदांड मुलगा गोळाफेकीत पहिला आला आणि मी त्याच्यापेक्षा जास्त नाचले. तेवढ्यात बसक्या नाकाचे, रुंद खांद्यांचे एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते त्या मुलाच्या पावलांकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, हा मुलगा मला द्याल का?"

मी म्हटलं, "मुलगा म्हणजे काय मेथीची जुडी आहे, उचलून द्यायला?"

सर हसले. हसले की त्यांचं नाक आणखी पसरतं, ते अजूनही तसंच आहे. म्हणाले, "मी बॉक्सिंग शिकवतो. हलक्या वजनाची मुलं येतात ढिगानं. मोठ्या अंगाचं कुणी येत नाही हो." त्या "हो"मध्ये इतकी कळकळ होती की मी मुलगा दिला. तो पावसाळाभर सरांच्या बॉक्सिंगच्या हॉलवर गेला आणि दिवाळीनंतर कबड्डीच्या मंडळात जाऊन बसला. तो पहिला. पुढे मी अशी बरीच मुलं सरांकडे नेली आणि ती सगळी सोडून गेली.

सरांच्या कार्याविषयी इतर मान्यवर सविस्तर लिहितीलच. भाजीबाजाराच्या मागच्या त्या पत्र्याच्या हॉलमधून हलक्या आणि मधल्या वजनाची कितीतरी मुलं पुढे गेली. कुणी फौजेत आहे, कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत. आमच्या शाळेच्या दोन मुलीही राज्यापर्यंत खेळल्या. या सगळ्याचा सरांना अभिमान आहे. पण सर स्वतः फौजेत असताना सर्वांत वरच्या वजनगटात लढले, हेवीवेटमध्ये, आणि अंतिम लढत हरून परत आले. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. नाशिकचा एक हेवीवेट राष्ट्रीय स्पर्धेत उभा राहावा, लढावा आणि जिंकावा. बस्स. दुसरं काही त्यांनी मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि तेच नेमकं होत नाही. का होत नाही, हे मला लोक अजून विचारतात. अहो, तेराव्या-चौदाव्या वर्षी एखादं पोरगं दारातून वाकून आत यायला लागलं, की त्याला शहरात स्थळं सांगून येतात! तालमीचे वस्ताद येतात, कबड्डीवाले येतात, धरणावर बोटी वल्हवणारे येतात, क्रिकेटवाले तर चहा पाजून नेतात. कबड्डीत पोरगं टीव्हीवर दिसतं. कुस्तीत जत्रेला फेटा बांधतात. वल्हं मारलं तर फौजेत जागा मिळते. गोळा फेकला तर तो उलटून तोंडावर येत नाही. आणि आमच्याकडे काय? सरावाला जोडीदार नाही, कारण त्या वजनाचा दुसरा मुलगाच जिल्ह्यात नाही. जोडीदार नाही म्हणून अंगात खेळ मुरत नाही. हेवीवेट तयार व्हायला पंचविशी उलटते, आणि घरचे विशीतच विचारतात, नोकरीचं काय? आई विचारते, नाक फुटलं तर मुलगी कोण देईल? यातलं एक कारण खोटं असतं तर मी भांडले असते. एकही खोटं नाही, हेच माझं दुखणं आहे.

सरांच्या मूल्यांविषयी सांगायचं तर हॉलवरची एक रीत सांगते. या वरच्या वजनगटात बऱ्याचदा एकदोन मुलंच नाव देतात. समोरचा आला नाही की न लढता पदक गळ्यात. असं पदक घेऊन आलेल्या मुलाला सर ते घालू देत नसत. ते खुंटीला टांगायचं, हॉलमध्ये सगळ्यांसमोर आपल्या तोलाच्या माणसाशी तीन फेऱ्या लढायचं, मग काढून घालायचं. हलक्या मुलांच्या बाबतीत हे चुटकीसरशी व्हायचं. मोठ्यांची पदकं मात्र खुंटीवरच राहायची, कारण तोलाचा माणूस आणायचा कुठून?

काही ठिकाणी यावर सोपा तोडगा आहे. वजन कमी पडणाऱ्या मुलाला वजनकाट्यावर चढायच्या आधी केळी आणि पाणी कोंबायचं आणि वरच्या गटात घुसवायचं. गट रिकामाच, पदक पक्कं. एकदा आमच्याच हॉलच्या एका उत्साही कार्यकर्त्यांनी द्वारका चौकातून केळ्यांचा घडच आणला. सरांनी तो सगळ्या पोरांना वाटून टाकला आणि म्हणाले, "खा. वजन करून झाल्यावर खा. पोट भरून कुणी हेवीवेट होत नसतं." कार्यकर्ते रुसले. सर त्यांना स्वतः मिसळ खायला घेऊन गेले, पण त्या मुलाचं नाव काही वर चढवलं नाही.

आणि मग चिंतामण आला.

हरसूलकडच्या आश्रमशाळेचा मुलगा. तिकडची माणसं लहान चणीची, काटक. हा कुठून एवढा निघाला देव जाणे. तालुक्याच्या स्पर्धेत थाळी फेकताना मी त्याला पाहिलं. उंची, हात, आणि मुख्य म्हणजे मांजरासारखी पावलं. मी तिथूनच सरांना फोन लावला. सर पुढच्या आठवडी बाजाराला एसटीने हरसूलला हजर. त्याची आई नागली, म्हणजे नाचणी, विकायला बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माज्या पोराला मारायला शिकवाल का मार खायला?"

दुसरा कुणी असता तर मारायला म्हणाला असता. सर म्हणाले, "दोन्ही, बाई. दोन्ही शिकवावं लागतं."

"मंग न्या," ती म्हणाली. "खोटं नाय बोलले तुमी."

चिंतामण सरांच्या घरीच राहिला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, त्याच्यासाठी नागलीची भाकरी करायला शिकून घेतली. पहिले काही दिवस ती तव्यावर फुटायची आणि चिंतामण ते तुकडे मुकाट्याने खायचा. सर त्याच्या जेवणाकडे बघत बसायचे. त्या काळात सर रस्त्यात दिसले तरी मला वाटायचं, माणूस तरुण झालाय. मला म्हणाले होते, "बाई, हा लढणार. मी जिवंतपणी बघणार."

राज्यस्पर्धेत त्याच्या गटात मोजकीच नावं होती. उपांत्य फेरीतला समोरचा आजारी पडला, अंतिम फेरीतला आलाच नाही. चिंतामण हातमोजे न बांधताच राज्यविजेता झाला आणि राष्ट्रीय स्पर्धेला निवडला गेला. आता रीतीप्रमाणे हॉलमध्ये लढणं आलं. सरांनी पुण्याला विचारलं, मुंबईला विचारलं. कुणाकडे जोडीदार नव्हता, कुणाचा होता तर तो पाठवायला तयार नव्हते. स्पर्धा तोंडावर आली. तेव्हा सत्तरी ओलांडलेले बोडके सर स्वतः हातमोजे बांधून रिंगणात उतरले.

मी तिथे होते. चिंतामण कोपऱ्यातून हलेना. म्हणाला, "सर, तुमाला कसं मारू?"

"मार. सर नाही मी आत्ता."

"नाय होत माज्याच्यानं."

सर ओरडले, तेव्हा तो पुढे आला. तीन फेऱ्या त्याने सरांच्या खांद्यांवर, दंडांवर हळुवार हात ठेवले. देवाला हात लावावा तसे. सरांनी तेवढ्यावर खुंटीवरचं पदक काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाला फसवलेलं मी पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःला फसवलं.

राष्ट्रीय स्पर्धेत समोर फौजेतला एक पक्का मुलगा होता. आमच्या चिंतामणने आजवर पिशवीला मारलं होतं, सरांच्या हातातल्या पॅडना मारलं होतं, पण आपल्या तोलाच्या माणसाचा ठोसा कधी खाल्लाच नव्हता. पहिल्याच फेरीत तो खाली बसला. उठला, पुन्हा बसला, आणि पंचांनी लढत थांबवली. दुखापत काही नव्हती. पण त्याच्या तोंडावर जे भाबडं आश्चर्य होतं ते मला अजून झोपू देत नाही. परतीच्या प्रवासात तो एवढंच बोलला, "सर, मला म्हायतीच नव्हतं. माणूस एवढा जड मारतो."

सर म्हणाले, "ते मी तुला सांगायला पाहिजे होतं, बाळा. तुझ्या आईला कबूल केलं होतं मी."

मला वाटलं, आता सर पुन्हा कंबर कसतील. मी तर परराज्यातल्या शिबिरांची चौकशीही सुरू केली होती. आणि पुढच्या सोमवारी सर चिंतामणला स्कूटरवर मागे बसवून स्वतः कबड्डीच्या मंडळात घेऊन गेले. त्या प्रशिक्षकांना म्हणाले, "पोरगं सोन्यासारखं आहे. पावलं बघा त्याची. माझ्याकडे त्याला देण्यासारखं काही उरलेलं नाही." मला कळलं तेव्हा मी तावातावाने हॉलवर गेले. म्हटलं, "सर, हातचा एक होता तोही घालवलात? मला विचारलंत तरी का?"

सर हातपट्ट्यांच्या घड्या घालत होते. म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि मी ऐकलं असतं."

आज चिंतामण कबड्डी खेळतो. खेळाडूंसाठी राखीव जागेवर त्याला नोकरी लागली. हरसूलला आईसाठी पक्कं घर बांधतोय. दर रविवारी सरांना फोन करतो आणि सर फोन ठेवला की दिवसभर खूश असतात. सगळं कसं छान झालं, असं संपादकांना वाटेल. झालंच आहे छान. चिंतामणचं झालं, त्याच्या आईचं झालं. सरांचं काय? मला राग कुणावर काढावा ते कळत नाही. पोरांवर काढावा तर ती शहाणी आहेत. आयांवर काढावा तर मीही आई आहे. खेळावर काढावा तर सर त्या खेळावर जीव टाकतात.

यंदाच्या उन्हाळ्यात मी पुन्हा एक मुलगा घेऊन गेले. सवय जात नाही. भरदार, उंच, डोळ्यांत चमक असलेला. सरांनी त्याला दोरीवर उड्या मारायला लावल्या, पॅडवर चार ठोसे मारून घेतले. पहिल्या ठोशाला सरांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पॅड खाली ठेवले. मुलाला विचारलं, "घरी कोण कोण आहे? आई काय म्हणते?" मुलगा उत्तर देत होता, सर मान हलवत होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "हात चांगला आहे, बाई. गोळाफेकीला न्या." आणि पाठ फिरवून पाणी प्यायला गेले. बराच वेळ पीत होते.

म्हणजे आता सरही नाही म्हणतात. लोक आजवर पोरांना आमच्या दारातून फिरवून नेत होते, आता दारातला माणूसच फिरवतो. यापुढे नाशिकमधून हेवीवेट निघेल असं मला वाटत नाही. गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण सरांना खोटं आवडत नाही, आणि हे पान ते सर्वांत आधी वाचतील.

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. काकूंचं ऐका, सकाळी अनवाणी हॉल झाडू नका, त्यासाठी पोरं आहेत. हलक्या वजनाची आपली मुलंमुली अशीच जिंकत राहोत आणि आपण त्यांच्या कोपऱ्यात बसून त्यांच्यावर ओरडत राहा, ते आम्हाला ऐकू येत राहो. शाल, श्रीफळ, मानपत्र समिती देईलच. माझ्याकडून आपल्याला एकच देते. रस्त्यात, शाळेत, मैदानावर पुन्हा कधी मोठ्या अंगाचं, हलक्या पावलांचं पोरगं दिसलं, तर मी त्याला आपल्याकडे आणणार नाही. आपल्याला पुन्हा नाही म्हणावं लागणार नाही, सर.