वाइनचा काढा, मुक्काम निमोणे

थंडीत लोक महाबळेश्वरला जातात. २००६च्या डिसेंबरात मी आणि सुधीर वाइन गरम करायला निमोण्याला गेलो. कारण सुधीरचे मामा. ते एका कंपनीसाठी वाइनची द्राक्षं पिकवतात. बारीक, बियाळ, खायला तुरट. गाव हसतं. या द्राक्षांचं होतं तरी काय ते एकदा कळू दे, नाहीतर हंगाम संपला की बाग उपटतो, असं मामांनी जाहीर केलं होतं. अडचण एकच. मामा माळकरी, दारूचा थेंब वर्ज्य. तापवली की दारू थोडी उडते, एवढाच आमचा आधार.

सोलापूर रस्त्यानं जाणार असाल तर यवतला भजी खाऊन घ्या. आमची दोघांची पोटं वीस रुपयांत भरली. चौफुल्याला डावीकडे वळून न्हावऱ्यामार्गे निमोणे. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांचं राज्य. मोटारसायकलवर मी कंपनीची लाल वाइन पोटाशी धरून बसलो होतो, तान्हं बाळ धरावं तशी.

ओट्यावर बसून मी अक्कल पाजळली. "थंड देशांत वाइन गरम करून पितात. जर्मन प्रकारात वाइन, मसाला, संत्र्याची साल. उकळी येऊ द्यायची नाही. बारा टक्के दारू असेल तर दहा-अकरा राहते. इंग्रज पाणी-साखर घालून आठावर आणतात. स्वीडनवाले वरून ब्रँडी ओतून पार वीसपर्यंत नेतात."

"थंडी लई आसंल तिथं," मामा म्हणाले. "आन् बिनटक्क्याची?"

"नुसत्या रसाची असते. पोरांसाठी."

"त्यात वाइन न्हाई, मग मला काय कळायचं?"

मामींना "मंद आचेवर ठेवा" एवढंच सांगून आम्ही बाग बघायला गेलो. परतलो तर पातेल्यात तळाशी काळपट रस. दालचिनी-लवंग बघून मामींनी काढाच समजून आडुळसा टाकला होता आणि रीतसर चौथाईवर आटवलं होतं. मला रडू यायचं बाकी होतं.

मामांचे डोळे मात्र चमकले. "आता टक्के किती?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "जवळजवळ शून्य. पण छातीठोक नाही सांगता येणार, मामा."

मामांनी वाटी नाकाशी धरली. बराच वेळ. मग मामींपुढे केली. "तू पी. तुझ्या गळ्यात कुठं माळ हाय?"

मामींनी फुंकर मारून वाटी रिकामी केली. "तुरट हाय. आपल्याच बागंतलं, लगीच कळतंय. पर छातीत ऊब धरती."

"खरं सांगतीस?"

"व्हय. उपटू नगा."

घरी येऊन मी जर्मन प्रकार शास्त्रोक्त केला. झाला चांगला, पण आडुळशाविना चुकल्यासारखं वाटलं. एप्रिलात सुधीरचा फोन आला. मामांनी बाग उपटली नाही, पुढच्या पिकासाठी छाटणी केली. आणि मामींनी दोन बाटल्या मागवल्यात. भर उन्हाळ्यात त्यांना खोकला झालाय.