वाकळेचा घास

पुण्याहून कोल्हापूरच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत तान्ह्या बाळांच्या बारा छोट्या वाकळा (गोधड्या) होत्या आणि थोड्या मुंग्या. वाकळा माझ्या दुकानदार मित्राने परत पाठवल्या होत्या. "प्रत्येकीच्या कोपऱ्यात मुंग्या आहेत. साफ करून दिल्या तर घेतो, नाहीतर ही ऑर्डर पहिली आणि शेवटची," असा निरोप होता. वाईट बातमी पोचवायला मित्रांना मी नेहमीच लायक वाटतो.

कराडनंतर दोन्ही बाजूंना ऊस लागला. कसबा बावड्यात उतरलो तर साखर कारखान्याच्या मळीचा वास आधी सामोरा आला.

ह्या वाकळा शिवणारा बायकांचा शिवणवर्ग समाजमंदिरात भरतो. दारावरच्या संगमरवरी पाटीवर उद्घाटकांची चौदा नावं आहेत; आत शिलाई मशिनं तीन. पोरांना शाळेत सोडून आलेल्या सात-आठ आया शिंप्यांकडच्या चिंध्या रंगाप्रमाणे लावत बसल्या होत्या.

"या पावणं, बसा की! आणखी माल पायजे म्हणत्यात व्हय पुण्यात?" एकीने विचारलं.

मी पिशवी उघडली. शिकवणाऱ्या सुनंदाताईंनी एक कोपरा उसवला. आतून भाकरीचा काळपट तुकडा पडला.

"पारूआक्का, ह्ये काय?"

वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या पारूआक्का; प्रत्येक वाकळेचा शेवटचा कोपरा त्याच मिटवायच्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "घास हाय. वाकळ उपाशी मिटवत्यात व्हय? माझ्या आईनं कधी मिटवली न्हाय."

"आणि चिकट कशानं झालाय?"

"काकवी (उसाचा पातळ गूळ) लावलीया. तान्ह्या लेकराला कोरडा घास द्यायचा व्हय?"

"मुंग्यांचं बारसं केलंसा की आक्का!" कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत.

जेवायला मलाही भाकरी आणि काकवीच मिळाली. मुंग्यांची आवड वाईट नव्हती.

जेवताना शेजारची बाई हळूच म्हणाली, "आक्कांची लेक कॅनडात हाय. नातू आठ महिन्यांचा झाला. आक्का मोबाइलच्या काचेचा पापा घेत्यात."

सुनंदाताईंनी आक्कांपुढे कात्री ठेवली. "आक्का, ऑर्डर गेली तर ह्या सगळ्या घरला जातील. पोरींनी पयल्यांदाच सोताचं काम धरलंय."

आक्कांनी कात्री उचलली. मग म्हणाल्या, "नातवाच्या तोंडात माझा घास जायचा न्हाय. म्हटलं, कुणाच्या तरी लेकराच्या उशाला तर असू दे." आणि त्यांनी स्वतःच एकामागून एक बारा कोपरे उसवले. तुकडे फेकले नाहीत. पदराच्या टोकात बांधले. मग त्याच पदराची दुसरी कड कातरून बारा लाल चिंध्या केल्या आणि प्रत्येक कोपऱ्यात एक घालून टाके घातले.

"आता मुंग्या न्हाईत लागायच्या," त्या मला म्हणाल्या. "सांगा तुमच्या दोस्ताला."

सांगितलं. मित्राने एकेक कोपरा दाबून पाहिला. "आत काहीतरी आहे."

"चिंधी आहे."

"फिनिशिंग छान आहे," तो म्हणाला आणि पुढच्या ऑर्डरचा फोन लावला.

घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली. सकाळी पाहिलं तर आठ-दहा मुंग्या तिच्या तळाशी, जिथे वाकळांचे कोपरे टेकले होते, तिथेच गोल गोल फिरत होत्या. घास केव्हाच बावड्याला राहिला होता. माझ्या आईनेही कधीतरी कुठल्या वाकळेत तो ठेवला असेल का, हे विचारायला आता कोणी नाही. मी पिशवी झटकली नाही.