तीन पंखे आणि आबांचा तळहात

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढली ती मी. मेकॅनिकल इंजिनीअर आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. इंदिरानगरला भाड्याच्या खोलीत बसून अंबडच्या कारखान्यांसाठी प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, डिझाइन करते. ज्या कॉम्प्युटरवर करते तोही एकेक पार्ट घेऊन माझा मीच जोडलाय.

त्या एप्रिलात तो मध्येच बंद पडायला लागला. मोल्डमध्ये प्लास्टिक नीट भरतं का, हे आधी स्क्रीनवर चालवून बघावं लागतं. त्याला दीड-पावणेदोन तास लागतात आणि तेवढा वेळ मशीनला दम खाता येत नाही. तासाभरात आतलं तापमान शंभराच्या जवळ जायचं आणि स्क्रीन काळी.

एका कारखानदारांसमोर असं दोनदा झालं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, सोमवारी अकराला येतो. माझ्यासमोर पूर्ण चालवून दाखवा. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल. माझंही गिऱ्हाईक थांबलंय." एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

मी तीन पंखे आणले. दोन पुढे लावले, एक मागे, आणि तिन्हींची तोंडं आत. जितकी हवा आत, तितकं गार. उन्हाळ्यात फॅन आपल्याकडे तोंड करून ठेवायचा, हेच लहानपणापासून पाहिलेलं. हीट ट्रान्सफरचा पेपर मी पहिल्या झटक्यात काढला होता, पण स्क्रू पिळताना हाताला घरचंच आठवलं. आधी तासाने बंद पडायचा, तो आता पाऊण तासात पडला.

रविवारी सकाळी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. पंचवटीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर उतरवली की कधीकधी माझ्याकडे चहाला येतात.

पंख्यांची घरघर ऐकून म्हणाले, "ही गिरणी कशाची लावली गं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, कॉम्प्युटरच्या डब्याभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या जाळीला तळहात लावला. उन्हाळ कांदा साठवला की शेतावरच्या कांदाचाळीच्या फटींमधून हात घालून ते असंच बघतात, आतल्या ढिगाने गरमी धरली का.

"हितून तर काहीच बाहेर येत नाय."

"कसं येईल? तिन्ही पंखे आत मारतात."

"मग आतली गरमी जाती कुठून?"

"आबा, यात कांदे नाहीत."

"ते दिसतंय मला. मी गरमीचं इचारतोय."

मग त्यांची नजर वर गेली. आमच्याकडे घरात कुठलंही मशीन आलं की आई त्याला कव्हर शिवते. टीव्हीला, मिक्सरला, फ्रिजला. माझ्या कॉम्प्युटरलाही तिने फुलाफुलांचं कव्हर धाडलेलं. काम करताना मी ते नुसतं वर दुमडून ठेवायचे, म्हणजे नेमकं वरच्या जाळीवर. आबांनी ते चिमटीत धरून उचललं.

"एप्रिलात सुटर घातलंय त्याला तुझ्या मायनं. आणि तू इंजिनेर."

मला राग आला, आणि तो माझाच. चाळ जमिनीपासून उंच का ठेवतात, दोन्ही अंगांना फटी का सोडतात, हे मी चालायला लागल्यापासून बघत आले होते.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. मागचा पंखा काढून उलटा बसवला, गरम हवा बाहेर फेकेल असा. पुढच्या पंख्यांसमोर लोंबणाऱ्या वायरी आवळून बाजूला बांधल्या. पुढच्या जाळीत धुळीचा थर होता, तो ब्रशने काढला. डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मग कॉम्प्युटर चालू केला आणि देवापुढची उदबत्ती आणून पुढच्या जाळीपाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला, डब्याच्या बाजूच्या काचेआड तिरपा चढताना दिसला, आणि मागच्या जाळीतून, थोडा वरून, बाहेर पडला. आबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते.

"हां. आता वारं फिरतंय."

सोमवारी कारखानदार अकराच्या ठोक्याला हजर. पाऊण तास गेला, तास गेला. ते मोल्डकडे बघत होते, मी कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्याकडे. तो सत्तरीच्या पुढेमागे घोटाळत राहिला. पावणेएकच्या सुमारास शेवटचा कोपरा भरला आणि स्क्रीनवर पूर्ण झाल्याची खूण आली.

"काम तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "दुरुस्त कुणाकडून करून घेतलं?"

"मीच केलं."

ते गेल्यावर मनाला लागून राहिलं. आबांना फोन लावला. सगळं सांगितलं, आणि तुमचं नाव काही मी घेतलं नाही, हेही सांगितलं.

"माझं नाव घेऊन त्या माणसाला काय करायचंय? काम मिळालं का, ते सांग."

"मिळालं."

तिकडे चाळीत कांदा भरायचं काम चालू होतं, पाट्या ओतल्याचा आवाज येत होता. फोन तसाच हातात धरून ते तिथल्या बायकांना मोठ्याने सांगत होते, "आमच्या पोरीनं मशीन दुरुस्त केलं. सोताच्या हातानं. इंजिनेर हाय ती."

मी फोन ठेवला नाही. ऐकत बसले.