दुसरा जामीनदार

“अडलं तर सांगीन हं,” असं म्हणून ते दार हळूच लावून घ्यायचे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. त्यांचं कधी अडायचंच नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहून गेला असेल. उपकार म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करणारा. आम्ही परदेशात होतो तेव्हा क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. वीस वर्षं बोटीवर काढलेले मरीन इंजिनिअर, आता जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला. बायको गेल्यावर मुलीला एकट्याने वाढवत होते. माझ्या बायकोने वाटीभर आमटी पाठवली की दुसऱ्या दिवशी वाटी भरून परत यायची. आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यांची आमटी आमच्यापेक्षा चांगली असायची. एकदा पाय मुरगळला तेव्हा मी टॅक्सी बोलावतो म्हटलं, तर लंगडत बसस्टॉपकडे निघाले.

मुलगी ओ लेव्हलनंतर, म्हणजे तिथल्या दहावीनंतर, पॉलिटेक्निकला गेली. आमच्या मंडळींत पॉलिटेक्निक म्हटलं की लोक आवाज खाली आणत. गणपतीत एका बाईंनी तिच्यासमोरच विचारलं, “मग पुढे काय करणार बिचारी?”

“युनिव्हर्सिटीत जाईल,” ते म्हणाले. एवढंच. पोरीने मान वर केली नाही. पुढची तीन वर्षंही ती मान खाली घालून अभ्यासच करत होती.

आणि मिळाली की सरकारी युनिव्हर्सिटी! पॉलिटेक्निकचे विषय धरून थेट दुसऱ्या वर्षाला. २०१४च्या आसपासची गोष्ट. आम्ही अभिनंदनाला जायच्या आत ते स्वतःच पेढे घेऊन दारात हजर.

चारच दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी, पुन्हा बेल वाजली. हातात प्लास्टिकचं फोल्डर. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“आज अडलंय,” ते म्हणाले.

आम्ही सगळे पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर राहणारे, परदेशी. परदेशी मुलांच्या फीचा मोठा भाग तिथलं सरकार उचलायचं आणि त्या बदल्यात पदवीनंतर तीन वर्षं तिथेच नोकरी करायची अट असायची. मुलगी मध्येच निघून गेली तर भरपाई जामीनदारांनी करायची. जामीनदार दोन हवेत. एक ते स्वतः. दुसरा शुक्रवारी दुपारपर्यंत उभा करायचा होता, नाहीतर पूर्ण फी. आणि ती त्यांना झेपणारी नव्हती. म्हणजे मिळालेली जागा गेल्यातच जमा.

“पोर पळून जाणारी नाही,” ते म्हणाले. फोल्डर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

मी काय म्हणालो असेन? “बाबांना विचारून सांगतो.” वय वर्षं बेचाळीस, ऑफिसात तीस माणसं माझ्या सहीवर हलायची, आणि म्हणे बाबांना विचारून सांगतो! आमच्या घरात मुंजीत गायत्री मंत्राबरोबर कानात आणखी एक गोष्ट सांगितली जायची, की कोणाला जामीन राहायचं नाही. पुण्याहून बाबा फोनवर म्हणाले, “सख्खा भाऊ असता तरी मी नाही म्हटलं असतं.” ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

गुरुवारी समोरासमोर येऊ नये म्हणून मी पलीकडच्या जिन्याने वर आलो. त्यांच्या खिडकीतून पोरीचा आवाज आला, “बाबा, कोणी साइन नाही केलं तर हाऊ? काय करायचं?” त्यांचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

“नाही म्हणायचंय तर जाऊन नाही म्हण,” माझी बायको चिडून म्हणाली. “माणसाला टांगून ठेवू नकोस.” तेही मला जमलं नाही.

शुक्रवारी सकाळी लिफ्टपाशी गाठ पडलीच. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. झालं काम.” खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांपैकी एकावरचा म्हातारा चिनी कॉफीवाला इस्त्रीचा शर्ट घालून त्यांची वाट पाहत होता. रोज सकाळी ते त्याच्याकडे कॉफी प्यायचे, तेवढीच ओळख. चिनी नववर्ष सोडलं तर त्याचं दुकान बंद असलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दोघं सहीला गेले.

मुलगी इंजिनिअर झाली, तिथेच नोकरीला लागली, अटीतली तीन वर्षं तिने पुरी केली. त्यांच्या वागण्यात माझ्याशी तसूभर फरक पडला नाही. मी मात्र स्वतःची समजूत घालून ठेवली होती. माणूस दहा दारं फिरला असेल, त्यात माझं एक बंद निघालं, तर एवढं काय बिघडलं?

गेल्या वर्षी ते गेले. मी मुलीला भेटायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “त्या कॉफीवाल्याला विचारायचं बाबांना तेव्हा बरं सुचलं.”

“बाबांनी त्यांना विचारलंच नव्हतं, अंकल,” ती म्हणाली. “फॉर्म त्यांच्या दुकानातल्या टेबलावर होता, बाबांच्या कॉफीशेजारी. त्यांनी बघितला आणि स्वतःच म्हणाले, आय साइन लाह. बाबांनी फक्त तुम्हाला विचारलं होतं.”